संवत १८७१ चा आषाढ

२२ नोव्हेंबर १९९३, सोमवार

आज अहमदाबादच्या एका संशोधन संस्थेतून उन्मेष नावाचे गृहस्थ आले. गृहस्थ म्हणायचं ते सवयीने. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. "मी हवामानावर काम करतो" अशी ओळख करून दिली, जणू हवामान त्यांच्या हाताखाली नोकरीला आहे. बूट दारात काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं. खोडणार नाही.

ते ज्वालामुखीसाठी आले होते. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा म्हणून डोंगर आहे, तो १८१५ च्या एप्रिलात, आपल्या पाडव्याच्या सुमारास, फुटला. त्याचा धुरळा इतका वर गेला की पुढची दोन-तीन वर्षं जगात ऊनच कमी पडलं. युरोपात १८१६ साली उन्हाळा आला नाही. आपल्या बाजूला काय झालं ते कोणाला नीट ठाऊक नाही. फिलिपीन्समध्ये परवा एक डोंगर फुटल्यापासून जुन्या ज्वालामुखींच्या कामाला पैसे मिळू लागले आहेत, असं ते स्वतःच म्हणाले. निदान खरं बोलले.

आप्पांचं एक टिपण त्यांना कुठेतरी सापडलं होतं. आमचे पूर्वज विसाजीपंत उज्जैनहून बडोद्याला आले आणि इथे कारकून झाले. ते रोज मोडीत रोजनिशी लिहीत. तिच्यातली एक नोंद आप्पांनी १९७९ साली एका त्रैमासिकात छापली होती: संवत १८७१, आषाढ. 'सूर्य तांब्याचे ताटासारिखा. उन्हास जोर नाही. सावली फिकी. पर्जन्य नाही.' गुजरातेत संवत दिवाळीनंतर बदलतो. त्या हिशेबाने हा आषाढ म्हणजे १८१५ चा जुलै. डोंगर फुटल्यावर तीन महिन्यांनी.

"सर, ॲक्च्युअली पश्चिम भारतातली अशी दुसरी नोंद मला मिळालेली नाही," उन्मेष म्हणाले.

"मिळणार कशी?" आप्पा म्हणाले. "ज्यांच्या घरी होत्या त्यांनी बंबात घातल्या. बसा. चहा घ्या."

मग त्या माणसाने अपमान केला. म्हणाला, छापण्यापूर्वी मूळ कागदावरून दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्र वाचन करायला हवं. आप्पांच्या वाचनावर दुसरं वाचन! मी उठून आत जाणार होते. पण आप्पा हसले. "दुसरी व्यक्ती ही घ्या, माझी मुलगी. आठवीपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नाही हिने. घरीच घडवली. हिचं वाचन माझ्याहून कडक."

हे शब्द उतरवून ठेवते आहे, कारण ते मला पुन्हा वाचावेसे वाटतील हे मला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर

आमची पद्धत अशी. आप्पा कागद हातात धरून वाचतात, मी बाळबोधीत उतरवते. लिहिणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही. बघितलं की लिहिणारा ऐकणं सोडून तर्क करू लागतो, असं आप्पा म्हणतात. दहा वर्षं मी मान वर केलेली नाही. विसाजीपंतांच्या घरच्या बायकामाणसांचं खाणंपिणं आलं की आप्पा म्हणतात, "फोडणी आली. वगळ." मी कंसात लिहिते: खाण्यापिण्याच्या नोंदी वगळल्या. आज वही चाळून पाहिली. हा कंस एकसष्ट ठिकाणी आहे. पुन्हा मोजला तेव्हाही एकसष्टच.

या घरात मोडी न येणारी एकटी आई. तिने शिकायची इच्छाही दाखवली नाही. तिला दांडिया बाजारात कोणाकडे कोथिंबीर ताजी आहे ते येतं.

५ डिसेंबर, रविवार

जगदेवराव आले होते. ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. घराण्याची तलवार भिंतीवर असते आणि ते खाली बसून शेअरचे अर्ज भरतात. जिन्यातूनच ओरडले, "लक्ष्मीकांतराव, तमे तो कमाल करी! आपला बडोद्याचा माणूस डायरेक्ट सायन्समध्ये!"

तेरा फेब्रुवारीला आप्पांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र.

"आणि भाषण," जगदेवराव म्हणाले. "ज्वालामुखीवर. पण जरा सोपं हां. आमच्या पब्लिकला सूर्य तांबडा म्हटलं की नंदेसरीच आठवते. तिकडे कारखान्यांच्या धुरात तो रोजच तांबडा."

आप्पा हसले नाहीत. जगदेवराव पुरेसे हसले. आई पोहे घेऊन आली, तर तिला म्हणाले, "कमलावहिनी, तुम्ही पण स्टेजवर बसायचं हां, साहेबांच्या बाजूला." आई म्हणाली, "मी कशाला? मी काय वाचलंय?" बरोबरच होतं ते.

एक लिहायला हवं. जगदेवराव गेल्यावर आप्पांनी तीनदा विचारलं, मानपत्रात काय लिहितील. तीस वर्षं या माणसाने बडोद्याच्या दफ्तरांवर डोळे घालवले आणि त्याला कोणी साधा हार घातला नाही. हा सत्कार व्हायलाच हवा. तो जगदेवरावांसारख्याच्या हातून होतो आहे याचा राग यायचा तर येऊ दे.

१९ डिसेंबर

गेल्या आठवड्यात मी आषाढाचा कागद प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. अक्षर न् अक्षर आप्पांनी वाचलेलं तसंच आहे. तरी पुन्हा एकदा वाचला. का, ते कळत नाही; काय निघणार होतं?

उन्मेषना तसं कळवलं. चार दिवसांत उत्तर: आभार, पण त्या कागदाच्या आगेमागे त्याच वहीत शिवलेले सगळे कागद वाचावेत, काहीही न वगळता. 'काहीही न वगळता' याच्याखाली रेघ. या लोकांना पोतंभर भुसा दिल्याशिवाय एक दाणा पटत नाही. वाचीन. म्हणजे तोंड बंद होईल.

२ जानेवारी १९९४, रविवार

आषाढानंतरचा तिसरा कागद. त्याचा वरचा भाग वाळवीने खाल्ला आहे, महिना गेलेला. उरलेली सगळी फोडणी. सकाळचं ऊन आमच्याकडे फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, म्हणून तिथे बसून वाचत होते. आई वाटाणे सोलत होती.

मी मोठ्याने वाचलं: 'जावयास तेहतीस अनारसे, तूप, दक्षणा. दिवा पाठविला.'

"बघ, लिहायला काही नसलं की हे असं," मी म्हटलं.

"तेहतीस का?" आई म्हणाली.

"तेहतीस तर तेहतीस. त्यांची हौस."

"हौस कसली! धोंड्याचं वर्ष असणार ते. अधिक महिना. जावयाला तेहतीस अनारसे एरवी कोण देतं? आत्ता ऑगस्टात आपल्या जावयाला, रसिकाच्या नवऱ्याला, सुरतेला आपण पाठवले नाहीत? एक मोडेल वाटेत म्हणून मी चौतिसावा घातला होता."

मी म्हटलं, असेल.

"असेल काय, आहेच," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं पूर्वी." आईने नेहमीच काहीतरी पूर्वी म्हटलेलं असतं. वाटाण्यातली एक अळी तिने खिडकीबाहेर टाकली आणि विषय संपला.

माझा संपलेला नाही. अधिक महिना दर वर्षी येत नाही. उद्या जंत्री बघायची.

३ जानेवारी

ग्रंथालयात जुनी जंत्री पाहिली. चारदा पाहिली. १८१५ साली अधिक महिना नाही. १८१४ साली आहे.

म्हणजे ही वही १८१४ ची. म्हणजे विसाजीपंतांनी बडोद्यात बसूनही संवत उज्जैनच्या पद्धतीने मोजला. तिकडे संवत दिवाळीला नाही, चैत्रातल्या पाडव्याला बदलतो, सात महिने आधी. तसं धरलं की संवत १८७१ चा आषाढ हा १८१४ चा जुलै ठरतो.

डोंगर फुटला १८१५ च्या एप्रिलात. तांब्याच्या ताटासारखा सूर्य त्याच्या नऊ महिने आधी उगवला होता. कोरड्या वर्षातली धूळ असेल. जगदेवरावांची नंदेसरी असेल. ज्वालामुखी नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "शुं थयुं बेन, तब्येत बरी नथी?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं होतं.

१४ जानेवारी, उत्तरायण

अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. सकाळपासून 'काट्यो छे'च्या आरोळ्या. शेजारच्या गच्चीवर टेपरेकॉर्डर, त्याला माणसाच्या उंचीचे स्पीकर. अलकापुरीतून हप्त्यावर आणले आहेत असं स्वतःच ओरडून सांगत होते. एका कागदाच्या तुकड्यासाठी बोटं कापून घेणारे लोक. मी पण एका कागदाच्या तुकड्यासाठी अकरा दिवस धड जेवत नाही, हे नंतर सुचलं.

खालच्या फरसाणवाल्याच्या दुकानात उन्मेषचा फोन आला. त्यांचा लेख एकतीस जानेवारीला जाणार. आप्पांची नोंद त्यात मुख्य पुरावा. "तुमचं आजूबाजूच्या कागदांचं वाचन झालं का?" मी म्हटलं, चालू आहे. मागे गाठीया तळत होते. ते म्हणाले, "घाई नाही, पण चूक असली तर ती आपल्याला सापडलेली बरी, दुसऱ्याला नको." शहाणपणाचं बोलण्याची हौस! रात्रभर तेच वाक्य डोक्यात राहिलं.

कोणाला सांगायचं? उन्मेषना सांगितलं तर आप्पांच्या पाठीमागे सांगितल्यासारखं. आप्पांना सांगितलं तर सत्कार गेला. कोणालाच नाही सांगितलं तर एका खोट्या तारखेखाली आमचं नाव जगभर जाणार, आणि ती खोटी आहे हे मला माहीत असणार. तिसरं मला जमणार नाही. पहिल्या दोनांपैकी काही करायचं धैर्यही नाही. आज संक्रांत. गोड बोला म्हणतात.

२० जानेवारी

सांगितलं.

आप्पा मानपत्राचा मसुदा सुधारत होते. जगदेवरावांनी तो त्यांच्याकडेच पाठवला होता. मी जंत्रीचं टिपण समोर ठेवलं आणि उभ्याउभ्या सगळं बोलले. अनारसे, अधिक महिना, उज्जैन. त्यांनी टिपण उचललं नाही, वाचलंही नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, आत्ताच त्यांच्या लक्षात आलं असं म्हणताहेत.

"एकोणऐंशी साली हा कागद मी मित्रांना हसत हसत वाचून दाखवत होतो. पूर्वज किती खादाड म्हणून. तुझी आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, हे धोंड्याचं वर्ष दिसतंय. चार विद्वानांसमोर."

"मग तुम्ही बदललं का नाही?"

"लेख छापायला गेला होता."

"पण नंतर?"

आप्पांनी चष्मा काढला. "काय लिहिणार होतो? शुद्धिपत्र: लेखकाच्या पत्नीने अनारसे मोजून तारीख दुरुस्त केली? चारू, स्वयंपाकघरातून आलेली तारीख मी छापली असती तर लोक काय म्हणाले असते?"

ते अजिबात रागावले नव्हते. नेहमीच्याच आवाजात, मला एखादं जोडाक्षर समजावून सांगावं तसं सांगत होते. तो आवाज मला पाठ आहे. मी स्वतः आईशी त्याच आवाजात बोलते.

"मी उन्मेषना कळवणार," मी म्हटलं.

"तुझं वाचन आहे," ते म्हणाले. मग मसुद्यातला एक काना दुरुस्त केला.

२२ जानेवारी

पत्र टाकलं. आधी टाकलं, मग पाकिटावर तिकीट कमी लावलं असेल असं वाटून परत गेले आणि डबा उघडेपर्यंत टपालवाल्यासाठी तासभर उभी राहिले. तो म्हणाला, "बेन, एक तिकीट वधारे छे." एक जास्तच लावलं होतं. मग तसंच जाऊ दे म्हटलं.

पत्रात लिहिलं: तारखेचा निर्णय माझा नाही, माझी आई सौ. कमला यांचा आहे. त्यांनी तो १९७९ सालीच केला होता. हे वाक्य आप्पांना दाखवावं की नाही याचा विचार केला. दाखवलं नाही. हे भित्रेपण नोंदवून ठेवते.

१३ फेब्रुवारी, रविवार

आप्पांनी परवा जगदेवरावांना निरोप पाठवला, छातीत कफ आहे, सत्कार नको. जगदेवराव धावत आले. "अरे पण लक्ष्मीकांतराव, हॉल बुक छे! फुलवाल्याला सांगितलंय! पेढे आलेत!" ज्वालामुखीचं काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

सत्कार झाला. मंडळाला सहा पंखे देणाऱ्या एका शेअर दलालाचा. शाल तीच, श्रीफळ तेच. मानपत्रात 'व्यासंगी' शब्द तसाच राहून गेला, असं आई सांगत आली. ती एकटी गेली होती. पेढे तिने आप्पांपुढे ठेवले. आप्पांनी एक घेतला. मला वाटलं होतं की आज मी रडेन, पण त्या दलालाच्या व्यासंगाचंच हसू येत राहिलं.

आप्पा माझ्याशी बोलतात. मीठ दे, पेपर दे. कागद वाचायला बोलावत नाहीत.

२४ फेब्रुवारी

उन्मेषचं उत्तर. लेखातून नोंद काढली. अर्थात आप्पांचं नावही गेलं. दिलगिरी नाही, दोष नाही. मग दोन पानं प्रश्न. विसाजीपंत पाडव्याला संवत बदलत असतील तर १८१५ आणि १८१६ च्या वह्या कुठल्या ते आता नेमकं सांगता येईल. त्या आहेत ना? त्यांतल्या वगळलेल्या नोंदी पहिल्यांदा वाचाव्यात. 'सूर्य कसा दिसला हे माणूस क्वचित लिहितो. पण घरात काय वाळलं, काय नासलं, काय पिकलं हे रोज लिहितो. या वाचनात आपल्या आईंची मदत मिळेल का? मानधनाची तरतूद आहे.'

आईला वाचून दाखवलं. "कसली मदत?" ती म्हणाली. "मला काय येतंय?" मग थोड्या वेळाने, "पण त्यांना सांग, दुपारी दोननंतर. सकाळी जमायचं नाही."

१३ मार्च, रविवार

आज तिसरी बैठक. मी वाचते, आई कुरडयांच्या गव्हाचं पाणी बदलत ऐकते. आप्पा बाहेरच्या खोलीत रेडिओवर बातम्या ऐकतात. आम्ही सुरुवात केली की रेडिओचा आवाज कमी होतो. आई म्हणते, सेल संपत आले असतील.

१८१६ च्या फाल्गुनाचा कागद. एकसष्टांपैकी एक कंस. त्यात हे निघालं: 'कुरडया घातल्या. तीन दिवस वाळल्या नाहीत. पाचवे दिवशी आत घेतल्या. वास आला. गाईस घातल्या.'

मी उठून उभी राहिले. "आई! फाल्गुनात पाच दिवस ऊन नाही! हेच ते! तांबोरा!"

आई गव्हातून हात काढून माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी घोकलेला पाढा चुकले की आप्पा बघायचे, तशी.

"किंवा गहू नीट भिजले नसतील," ती म्हणाली. "घाई केली की चीक आंबट होतो, मग उन्हाला कितीही टाका, वास मारतो. एका घराच्या कुरडया नासल्या म्हणून डोंगर फुटत नाही गं. शेजारच्या घरी काय झालं ते बघ आधी. पापड घातलेत का त्या आठवड्यात? ते वाळले का?"

मी खाली बसले. नोंद उतरवली, आणि तिच्याखाली आईची शंकाही. पापडांसाठी पुढचे कागद काढले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. रेडिओ बंद झालेला होता.

"किती दिवस भिजवतात गहू?"

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"एकोणतीस वर्षं खाताय," ती म्हणाली, "आणि आज विचारताय?"

मग आप्पांच्या खुर्चीचा आवाज आला आणि ते दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"तीन," आई म्हणाली. "रोज पाणी बदलून. लिही गं."